कोऱ्यातला कण

प्रयोगशाळेत त्यांना सगळे कोरेबाई म्हणत. नव्याने आलेल्यांना ते आडनावच वाटायचं, आणि कुणी भाबडेपणाने त्या नावाने अर्ज लिहून आणला की जुनी मंडळी तोंडावर हात धरून हसायची. बाईंचं खरं आडनाव भलतंच होतं. कोरे हे नाव कोऱ्यावरून पडलेलं, आणि कोरा म्हणजे काय हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुढे जायची नाही.

कुठे स्फोट झाला की तिथली माती, फाटके कपडे, संशयितांच्या हातांवरून फिरवलेले कापसाचे बोळे असं सगळं बाईंच्या विभागात येई. बोळा द्रावकात भिजवायचा, पिळायचा आणि त्यातला थेंब यंत्रात सोडायचा. यंत्र थेंबातला एकेक पदार्थ सुटा करतं आणि पडद्यावर रेघ ओढत जातं. काही नसेल तर रेघ सपाट राहते. स्फोटक असेल तर त्याच्या ठरलेल्या जागी सुळका उभा राहतो. तलावात साखरेचा दाणा टाकला तर पाणी गोड झालंय म्हणून सांगेल, इतकी त्या यंत्राची जीभ तयार. पण असल्या जिभेचं एक दुखणं असतं. साखर आहे एवढं तिला कळतं, ती कुणी टाकली हे कळत नाही. चोराच्या हातावरची असेल, नाहीतर तपासणाऱ्याच्या बाहीवरची.

म्हणून नमुना उघडण्याआधी एक स्वच्छ बोळा घ्यायचा, तो टेबलावरून, हातमोज्यांवरून, कोटावरून फिरवायचा आणि तो यंत्राला आधी चाखायला द्यायचा. हा कोरा. यात काहीच सापडता कामा नये. कोऱ्यात कण जरी सापडला तरी त्यानंतरचं सगळं मातीमोल. जगात सगळे लोक काहीतरी सापडावं म्हणून धडपडतात. बाईंचा चेहरा मात्र काही सापडलं नाही की खुलायचा.

चोर सोडून संन्याशाला सुळी, असं आपल्या हातून होऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यासाठी त्यांनी नियमावर नियम केले होते. ज्यांनी स्फोटकं हाताळली त्यांनी या मजल्यावर पाऊल टाकायचं नाही. जो स्फोटाच्या जागी गेला, त्याने आंघोळ करून, कपडे बदलून, आधी स्वतःच्या अंगाचा कोरा द्यायचा आणि मगच दाराच्या आत यायचं. एकदा एक बडे अधिकारी खाणीतल्या सुरुंगांची पाहणी करून थेट वर आले, तेव्हा बाईंनी त्यांना जिन्यातूनच परत पाठवलं होतं. साहेब आठवडाभर तोंड फुगवून होते. बाईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

घरी त्यांचा एकुलता एक मुलगा यावरून त्यांना भंडावून सोडायचा. तो इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. सकाळी डबा उचलून कानाशी हलवायचा आणि विचारायचा, "आई, आज भाजी आहे की कोराच?" त्याचे बाबा रात्रभर बेकरीत भट्टीवर काम करून दमून आलेले असायचे, तरी ते दर वेळी हसायचे. विनोद तोच, हसणारा तोच. घर असल्या जुन्या विनोदांवरच चालतं.

त्या मुलाला बसस्थानकावरच्या स्फोटाने नेलं. दुसऱ्या गावी कुठल्याशा इमारतीची लिफ्ट अडकली होती, म्हणून तो सकाळच्या बससाठी उभा होता. रांगेत त्याच्या पुढे बाक, बाकाखाली कुणाची तरी पिशवी. बाकी काही सांगण्यासारखं नाही. त्याच्यासोबत आणखी बरीच माणसं गेली, पण आईबापाला त्यातलं एकच दिसत होतं.

रुग्णालयात ओळख पटवायला दोघं गेले. बाबा शवागाराच्या पायरीपर्यंत आले आणि तिथेच बसले. उभ्या आयुष्यात भट्टीला न घाबरलेला माणूस, पण त्यांचे पाय उचलेनात. बाई एकट्या आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. आत काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, बाबांनी विचारलं नाही. घरी आल्यावर बाबा खुर्चीत बसले ते बसूनच राहिले.

मग एक माणूस पकडला गेला. पोलिसांची खात्री होती की पिशवी त्यानेच ठेवली. पण खात्री आणि पुरावा यांत जमीन-अस्मानाचा फरक. पिशवी ठेवताना ज्याने पाहिलं असतं तो बाकाशेजारचा फेरीवाला स्फोटातच गेला होता. त्याने कपडे जाळले होते, खोली धुऊन काढली होती. उरले होते फक्त हात. पकडल्याबरोबर त्याच्या दोन्ही हातांवरून आणि नखांखालून बोळे फिरवून नळीत बंद केले होते. त्यानंतर त्याने हात धुतले, जेवला, झोपला. आता त्याच्या हातांवर काही मिळणार नव्हतं. जे काही होतं ते त्या एका नळीत होतं.

ती नळी प्रयोगशाळेत आली तेव्हा बाई रजेवर होत्या. साहेबांनी फोनवर बजावलं होतं, "तुम्ही या प्रकरणाच्या जवळ फिरकू नका. मास्तर करतील." मास्तर म्हणजे बाईंचा सहकारी. आधी शाळेत शिकवायचा, म्हणून मास्तर. बाईंच्याच हाताखाली तयार झालेला, केस पिकायला लागलेला, सरळ माणूस. साहेबांचं बरोबरच होतं, आणि बाई हो म्हणाल्याही होत्या. पण घरात बसून भिंती अंगावर येत होत्या. खुर्चीतले बाबा रोज एकच विचारत.

"सापडेल ना गं?"

"असेल तर सापडेल."

"असेल तर काय? आहेच ना!"

त्या दिवशी सकाळी बाई उठल्या आणि सरळ प्रयोगशाळेत गेल्या. पहारेकऱ्याने मान खाली घालून दार उघडलं. त्यांना अडवायची कुणाची छाती होणार? खालच्या न्हाणीघरात त्यांनी मानेपासून पायापर्यंत अंग घासून घेतलं, घरचे कपडे खालीच ठेवले, धुतलेला पांढरा पोशाख घातला, टोपी चढवली, मोजे चढवले. नेहमीचं सगळं.

मास्तर त्यांना बघून दचकलाच. "ताई, तुम्ही? साहेबांनी सांगितलंय ना..."

"नमुन्याला मी हात लावणार नाही," बाई म्हणाल्या. "नुसता कोरा घेते. तुझ्या हातचा कोरा चांगलाच असतो रे, पण मला घरी बसवत नाही. तेवढं करू दे."

मास्तरला त्यांच्याकडे बघवेना. तरी त्याने नियमाचा प्रश्न विचारलाच. "जागेवर गेला होतात का, ताई? बसस्थानकावर?"

"नाही. पाऊल ठेवलं नाही तिथे."

हे खरं होतं. मास्तरच्या मनात आलं, की कोऱ्याला कुठे नमुना लागतो? कोरा म्हणजे तर काहीच नाही. काहीच नसलेली गोष्ट एखाद्या आईला करू दिली तर काय बिघडलं? त्याने बोळ्यांचं पाकीट त्यांच्यापुढे सरकवलं. बाईंनी टेबल पुसलं, टोपी नीट केली, बोळा टेबलावरून फिरवला, स्वतःच्या मोज्यांवरून फिरवला, मास्तरच्या बाहीवरून फिरवला.  त्यांनी बोळा पिळला आणि थेंब यंत्राच्या रांगेत लावला.

नियम असा, की कोऱ्याची रेघ पूर्ण होऊन सपाट आल्याशिवाय नमुन्याची नळी उघडायची नाही. यंत्राला वेळ लागतो. तेवढ्यात तपास अधिकाऱ्याचा फोन आला, तो बाईंनी उचलला. त्याचा आवाज बसला होता. "मॅडम, तुम्ही आहात तिथे? बरं झालं. उद्या न्यायाधीशांसमोर उभं करायचंय त्याला. तुमच्याकडून काही मिळालं तर आत राहील, नाहीतर सोडावा लागेल. आज संध्याकाळपर्यंत सांगा काय ते."

बाईंनी फोन ठेवला. मास्तर पडद्याकडे डोळे लावून बसला होता.

"उघड नळी," बाई म्हणाल्या.

"कोरा येऊ दे ना, ताई."

"माझा कोरा आहे, मास्तर. आजवर कधी काही निघालंय त्यात?"

कधीच निघालं नव्हतं. हातच्या काकणाला आरसा कशाला? मास्तरने नळीचं झाकण फिरवलं, चिमट्याने बोळे काढले आणि त्याच टेबलावर, त्याच मोज्यांनी पिळले. बाई त्याच्या खांद्यामागे उभ्या राहून बघत होत्या. एकदा बोळा निसटतोय असं वाटलं म्हणून त्यांनी बशी पुढे सरकवली. एवढाच त्यांचा हात लागला.

कोऱ्याची रेघ पडद्यावर पुढे सरकत होती. सपाट, सपाट, सपाट. आणि मग जिथे आरडीएक्सची जागा असते तिथे रेघ उठली. लहानसा सुळका, पण टोकदार. दोघांनीही तो पाहिला.

"यंत्राला काहीतरी झालंय," शेवटी बाई म्हणाल्या. "पुन्हा लाव."

मास्तरने निव्वळ द्रावक लावून पाहिलं. सपाट. यंत्राला काही झालं नव्हतं. मग कोऱ्याचा उरलेला थेंब लावला. पुन्हा तोच सुळका, त्याच जागी. दरम्यान संशयिताच्या हातांचा नमुनाही चालून गेला होता. त्यात सुळका असा उभा राहिला होता की पडदा पुरेना. आदल्या दिवशी तो पाहायला मिळाला असता, तर बाईंनी तिथल्या तिथे बसकण मारून देवाचे आभार मानले असते. आता त्या कोऱ्याच्याच रेघेकडे बघत होत्या.

मग शोध सुरू झाला. दाराची मूठ पुसून पाहिली, टेबलाचा कोपरा, खुर्चीची पाठ, मास्तरचे मोजे, द्रावकाची बाटली. सगळं सपाट, फक्त बशीची कड सोडून, आणि बाईंचे मोजे सोडून. उजव्या हाताची दोन बोटं. बाई त्या दोन बोटांकडे बघत राहिल्या. या बोटांनी आपण काय केलं, हे त्या आठवत होत्या. टेबल पुसलं. त्यानंतर टोपी नीट केली. कपाळावर आलेली बट आत सारली.

त्यांनी टोपी काढली आणि मान मास्तरपुढे वाकवली.

"इथून घे."

"ताई..."

"घे म्हणते ना!"

मास्तरने त्यांच्या केसांवरून बोळा फिरवला. त्या सुळक्याची उंची सांगण्यात अर्थ नाही.

तेव्हा बाईंनी सांगितलं. शवागारात त्यांनी चादर बाजूला केली, वाकल्या आणि त्याचं डोकं उचलून छातीशी धरलं. त्याच्या केसांत त्यांनी तोंड खुपसलं, कपाळ घासलं. शवागारातला माणूस म्हणाला, "बाई, पुरे आता," तरी त्या सोडेनात. नंतर त्यांनी अंग धुतलं. कपडे वेगळे काढले. केस मात्र धुतले नाहीत. मुद्दाम धुतले नाहीत असंही नाही. धुवायला हवेत हे मनातच आलं नाही. स्फोटाची जागा, धूळ, बूट, गाडीचं आसन, सगळ्याकडे त्यांनी उभ्या हयातीत संशयाने पाहिलं होतं. पण आपलंच लेकरू कुणाला मळ वाटतं का?

मास्तर डोळे पुसत होता. बाई रडत नव्हत्या. त्यांची नजर पडद्यावरच्या दुसऱ्या, उंच सुळक्यावर होती.

"मास्तर, हे बघ. कोऱ्यात कणभर आहे. त्याच्या हातावर मणभर. एवढं सगळं काय माझ्या केसांतून आलं असेल? तोच आहे तो. त्यानेच मारलं माझ्या पोराला."

"मलाही तसंच वाटतं, ताई."

"मग हा कोरा टाकून दे. मी जाते बाहेर. सगळं पुसून काढ, नवीन कोरा घे. स्वच्छ येईल. तो आधी घेतला म्हणून लिही."

मास्तरने नोंदवही बंद करून हाताखाली धरली.

"कुणाला कळणार आहे? तू आणि मी. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं? ऐक माझं. पाया पडते तुझ्या." आणि त्या खरंच वाकल्या. ज्या बाईंनी बड्या अधिकाऱ्याला जिन्यातून परत पाठवलं होतं, त्या बाई टेबलाच्या कडेला धरून आपल्याच शिष्याच्या पायांशी वाकल्या. मास्तरने त्यांना खांद्याला धरून वर उचललं. त्याचा चेहरा पार उतरला होता.

"ताई, कोऱ्यातला कण कुठून आला हे तासापूर्वी आपल्याला सांगता येत नव्हतं. मग नळीतला मण कुठून आला हे शपथेवर कसं सांगू? तुमची बशी मध्ये आली. तुमचा हात मध्ये आला. उद्या हाच प्रकार एखाद्या निरपराध पोराच्या बाबतीत झाला असता, तर तुम्ही मला काय करायला सांगितलं असतं?"

"हा निरपराध नाहीये!"

"हे यंत्राला कळत नाही. तुम्हीच शिकवलंत."

बाईंना त्याला एक थोबाडीत द्यावीशी वाटली. त्यांना त्याचा इतका राग आला की जन्मात कुणाचा आला नव्हता, आणि त्या रागाच्या तळाशी त्यांना ठाऊक होतं की तो बरोबर आहे. त्याने चुकीचं वागावं म्हणून त्यांनी जीव दिला असता. पण त्यांनीच त्याला असा घडवला होता, आणि चांगलं घडवलं होतं. आता त्याला मोडायचा कसा, हे काही त्यांना कळेना.

तपास अधिकाऱ्याला मास्तरनेच फोन केला. काही लपवलं नाही. अधिकाऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "म्हणजे हातावर होतं, पण होतं म्हणता येत नाही?"

"होय."

"मॅडमना सांगा... नाही, राहू दे. काही सांगू नका." त्याने फोन ठेवला.

बाई पायी घरी आल्या. वाटेत दुकानं उघडी होती, माणसं भावावरून घासाघीस करत होती, एक बाई फुटपाथवर छोट्या मुलीच्या बुटाची नाडी बांधत होती. जग इतकं निर्लज्जपणे चालू असतं, हे बाईंना आतापर्यंत ठाऊक नव्हतं.

बाबा खुर्चीत होते. भट्टीच्या जुन्या चटक्यांचे डाग असलेले हात मांडीवर ठेवून बसले होते. दार वाजताच त्यांनी मान वर केली.

"सापडलं?"

बाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ओळीने, एकही गोष्ट न गाळता. केस, टोपी, बोटं, बशी. मास्तरच्या पाया पडल्याचंही सांगितलं. बाबांना यंत्रातलं काही कळत नव्हतं, पण शेवट कळला.

"म्हणजे तो सुटणार."

"उद्या."

"तू तिथे गेलीस कशाला पण?"

"कोरा घ्यायला."

"तेच ते? काही नाहीये असं बघायला?" बाबांचा आवाज चढला. "काही नाहीये ते बघायला तुला तिथपर्यंत जावं लागलं? इथे काय होतं मग? इथे बसून बघायचं होतंस माझ्याजवळ!"

 बाई खाली जमिनीवरच बसल्या. बाबा पुन्हा काही बोलतील, ओरडतील, उठून काहीतरी फेकतील, असं त्यांना वाटत होतं आणि तसं झालं असतं तर बरंही वाटलं असतं. पण बाबा नुसते बसून राहिले. खिडकीतून येणारं ऊन भिंतीवर सरकत सरकत दारापर्यंत गेलं. मग त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं.

"तू धरलंस ना त्याला. मी काही आत आलो नाही."

"हो."

"कसा होता गं? अंग गरम होतं का त्याचं?"

तो थंडगार होता. गालाला गाल लावला तेव्हा बाईंना ते पहिल्यांदा कळलं होतं. उभ्या आयुष्यात त्यांनी जे सापडलं नाही ते सापडलं म्हणून सांगितलं नव्हतं. पण समोर बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघून त्यांना दया आली. त्याच्यापुरतं तरी काहीतरी सापडलेलं असावं असं वाटलं.

"होतं," त्या म्हणाल्या. "थोडं गरम होतं."

बाबांनी मान हलवली. बराच वेळ ते काहीतरी जुळवत राहिले. 

"गरम होतं तर मी आत यायला हवं होतं," ते म्हणाले. "गरम होता तर त्याला कळलं असतं, बाबा आलेत म्हणून."

आणि ते इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडायला लागले, मोठ्याने, तोंड उघडं टाकून. बाई सरकत त्यांच्या पायांशी गेल्या. ते खोटं होतं, एवढंच सांगायचं होतं. त्यांनी दोनदा तोंड उघडलं. सांगितलं तरी आता काय उपयोग होता, आणि न सांगितलं तरी काय. त्यांनी बाबांचे पाय घट्ट धरले आणि त्या तशाच बसून राहिल्या.